पोटातली नळी काढल्यावर रक्त आलं तर काय करायचं?

अन्न देण्यासाठी पोटात बसवलेली नळी काढायची तारीख मिळाली की घरचे पहिल्यांदा विचारतात, "सिस्टर, आता मऊ वरण-भात देता येईल ना?" प्रश्न रास्तच आहे. तोंडाच्या कॅन्सरचे किरणोपचार सोसून किंवा पक्षाघातानंतर पुन्हा गिळायला शिकून माणूस इथवर आलेला असतो. गाळलेल्या पेजेचा आणि डब्यातल्या पावडरींचा सगळ्या घराला वीट आलेला असतो. या आनंदात एक प्रश्न मात्र राहून जातो. नळी काढल्यावर रक्त आलं तर?

थोडंसं रक्त बहुतेकांना येतं आणि दाबून धरलं की थांबतं. ज्या मोजक्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो, त्यांच्यात तो बाहेर दिसेलच असं नाही. रक्त पोटाच्या आत वाहत राहतं, वरचं ड्रेसिंग कोरडं असतं आणि घरचे निर्धास्त असतात. पुण्यात परिचारिका म्हणून काम करताना, आधी वॉर्डात आणि आता घरोघरी, मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच कोरड्या ड्रेसिंगची. त्यामुळे बाहेरचं रक्त कसं थांबवायचं हे सांगतेच, पण आतलं रक्त कसं ओळखायचं यावर जास्त बोलणार आहे.

पोटातून थेट जठरात जाणाऱ्या या नळीला रुग्णालयात 'पेग' म्हणतात. तोंडातून दुर्बीण घालून, जठर हवेने फुगवून, पोटाच्या भिंतीला छोटं भोक पाडून ती बसवतात. ही पद्धत पहिल्यांदा १९७९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये वापरली गेली, तीही एका तान्ह्या बाळावर. मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की या डॉक्टरांनी ती विकसित केली आणि १९८० मध्ये ती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याआधी अशा नळीसाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागायची.

नळीची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. मोठ्या माणसाला साधारण २० ते २४ फ्रेंचची नळी असते, म्हणजे सात-आठ मिलिमीटर जाड. कातडी, चरबी, पोटाचा स्नायू आणि जठराची भिंत एवढ्या सगळ्यांतून ती जाते. कान टोचल्यावर भोक जसं काही आठवड्यांत आतून पक्कं होतं, तसाच नळीभोवतीचा हा मार्ग साधारण चार ते सहा आठवड्यांत पक्का होतो. मधुमेह असेल, स्टेरॉइड चालू असतील किंवा अंगात ताकद उरली नसेल तर आणखी वेळ लागतो. मार्ग पक्का व्हायच्या आत नळी ओढली गेली, तर जठर पोटाच्या भिंतीपासून सुटू शकतं आणि त्यातलं द्रव पोटाच्या पोकळीत सांडू शकतं. अशी नळी निघाली तर ती घरी परत घालायचा प्रयत्न करू नका, तडक रुग्णालय गाठा.

मार्ग पक्का झाल्यावरही काढताना थोडी इजा होतेच. काही नळ्यांच्या आतल्या टोकाला पाण्याचा फुगा असतो. सिरिंजने पाणी काढून घेतलं की अशी नळी अलगद बाहेर येते. काहींना आत रबरासारखी लवचीक चकती असते. ती डॉक्टर एका हाताने पोट दाबून, दुसऱ्या हाताने नळी ठामपणे ओढून काढतात किंवा दुर्बिणीने आतून काढतात. चकती त्या अरुंद मार्गातून दुमडून बाहेर येताना कडा खरवडल्या जातात. बाहेर दिसणारं रक्त बहुधा इथलंच असतं: कातडीच्या कडेचं आणि नळीभोवती वाढलेल्या लाल, ओलसर, जरा हात लागला तरी रक्त येणाऱ्या मांसाचं.

खोलवरचं रक्त येतं ते पोटाच्या स्नायूतल्या किंवा जठराच्या भिंतीतल्या रक्तवाहिनीतून. जठराच्या अस्तराला चीर गेली असेल किंवा नळीच्या टोकाने समोरच्या भिंतीवर घासून आधीच जखम केली असेल, तरीही. आणखी एक कारण आधीपासून लक्षात येऊ शकतं. आतली चकती कधीकधी जठराच्या अस्तरात रुतून बसते. नळी गोल फिरत नाही, आत-बाहेर हलत नाही, फीड ढकलताना जोर लागतो. असं काही जाणवलं असेल तर काढायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. रुतलेली चकती तशीच ओढली तर रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. आणि कुणी कितीही अनुभवी असो, ब्युरोच्या मावशी असोत की ओळखीतले ब्रदर, नळी घरी कात्रीने कापून चकती आत सोडून द्यायची नाही. ती पुढे आतड्यात अडकू शकते.

गोळ्यांचा डबा डॉक्टरांसमोर उघडा

रक्त किती येईल हे नळीपेक्षा गोळ्यांवर जास्त अवलंबून असतं. पक्षाघात झालेल्या, हृदयात स्टेंट असलेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी बहुधा असते. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींना, निकामी करतात आणि नव्या प्लेटलेट्स तयार होईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, परिणाम राहतो. वॉरफरिनचा परिणाम उतरायला चार-पाच दिवस लागतात आणि तो आयएनआर या तपासणीने मोजता येतो. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डाबिगाट्रान या नव्या गोळ्या मूत्रपिंड नीट असेल तर एक-दोन दिवसांत उतरतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर रेंगाळतात.

यातली कुठली गोळी किती दिवस बंद ठेवायची हे घरी ठरवायचं नाही. 'उद्या नळी काढायची आहे, आजपासून बंद करू' असा विचार करणारी मंडळी खूप भेटतात, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण स्टेंटवाल्या माणसाने मनानेच गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि तो धोका पोटातल्या रक्ताहून मोठा ठरू शकतो. नळी काढणारे डॉक्टर आणि हृदयाचे किंवा मेंदूचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं व्हायला हवं. पुण्यात हे दोघे बहुतेक वेळा वेगवेगळ्या रुग्णालयांत असतात, त्यामुळे ते बोलणं घडवून आणायचं काम मुलावर, सुनेवर किंवा मुलीवर येतं. नुसती फाइल नेऊ नका, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन फाइलमध्ये कधीच नसते, आणि त्याही गोळ्या रक्तस्राव वाढवतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं का ते विचारून घ्या.

केमोथेरपी नुकतीच झाली असेल किंवा यकृताचा आजार असेल तर आदल्या दिवसाचा प्लेटलेटचा आकडा हवा. तो ५०,००० च्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा थांबतात किंवा आधी प्लेटलेट्स देतात. आणि नळी काढून घरी निघताना एक प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका: "रक्त पातळ करायची गोळी कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू करायची?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

बाहेरचं रक्त: दाबायचं, आणि डोकवायचं नाही

सदाशिव पेठेतल्या एका घरी नळी काढल्याच्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा सूनबाई आजोबांच्या पोटावर कापूस धरून बसल्या होत्या. "सिस्टर, अर्धा तास झाला, रक्त थांबेना हो." त्यांचा हात बघितला तर तळवा पोटावर हलकेच टेकवलेला, आणि दर मिनिटाला कापूस उचलून खाली बघणं चाललेलं. प्रत्येक वेळी कापसाबरोबर नुकती धरलेली गुठळीही निघून येत होती. मी गॉजची चौघडी केली, भोकावर ठेवली, त्यांचीच तीन बोटं त्यावर ठेवून सरळ खाली दाबायला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगितलं. पंधरा मिनिटं. आजोबा मध्ये खोकले तेव्हा त्यांनी हात सोडला नाही. रक्त थांबलं.

करायचं असतं ते एवढंच, फक्त नीट करायचं. रुग्णाला आडवं करा. स्वच्छ गॉज, नसेल तर धुतलेला सुती रुमाल घ्या. कापूस नको, त्याचे धागे जखमेत चिकटतात. बोटांच्या टोकांनी नेमक्या भोकावर, घट्ट, दहा ते पंधरा मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघू नका. गॉज भिजला तर तो न काढता त्यावर दुसरा ठेवा. थांबल्यावर पट्टी लावा आणि तासभर रुग्णाला पडून राहू द्या. खोकला, उचकी किंवा शौचाला जोर करणं यामुळे पुन्हा सुरू होऊ शकतं, म्हणून खोकताना त्या जागेवर हात धरायला शिकवा.

आता हळदीबद्दल. बोट कापलं की हळद दाबायची हे आपल्या हातात इतकं मुरलेलं आहे की घरातली मोठी माणसं न विचारता डबा घेऊन येतात. इथे हळद नको, कॉफी पावडर नको, तंबाखू तर अजिबात नको. ही वरवरची चीर नाही, ते भोक थेट जठरात जातं. हळदीमुळे रक्ताचा रंग कळत नाही, किती येतंय याचा अंदाज बांधता येत नाही, आणि नंतर जखम साफ करताना बसलेली गुठळी निघते.

पहिल्या दिवशी गॉजवर रुपयाएवढा लाल डाग आणि पुढचे दोन-तीन दिवस गुलाबी-पिवळसर पाणी, हे चालतं. भोक काही तासांतच आवळायला लागतं आणि बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत मिटतं. तोवर जठरातलं आंबट वासाचं पातळ द्रव झिरपतं. त्यात रक्ताची छटा असली तर घरचे घाबरतात, पण त्याच्या गुठळ्या होत नाहीत. खरं रक्त गॉजवर काही वेळात गोठतं. पंधरा मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबलं नाही, पट्टी पुन्हा पूर्ण भिजली किंवा रक्त उसळून येत असेल, तर दाबलेला हात न काढता रुग्णालयात न्या. १०८ ला फोन दुसऱ्याने लावावा.

आतलं रक्त

जठरात सांडलेलं रक्त दोनच वाटांनी बाहेर येतं. उलटीतून आलं तर ताजं लाल दिसतं, किंवा जठरातल्या आम्लामुळे काळपट-तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखं. शौचातून आलं तर शी काळी, चिकट, डांबरासारखी होते आणि तिला एक वेगळाच उग्र वास येतो. एकदा तो वास घेतलेला माणूस विसरत नाही. पन्नास ते शंभर मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप रक्तही शी काळी करायला पुरतं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती हिरवट-काळी, घट्ट असते, चिकट नसते आणि तसा वासही येत नाही. शंका असेल तर मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पण काळी शी दिसायला काही तास लागतात, कधी दिवस उलटतो. त्याआधी शरीर दुसऱ्या खुणा देतं. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, कपाळावर घाम येतो, उठून बसवलं की चक्कर येते, लघवी कमी होते. स्वस्थ पडलेल्या माणसाची नाडी शंभरच्या वर राहू लागली किंवा रक्तदाबाचा वरचा आकडा शंभरच्या खाली गेला, तर ड्रेसिंग कितीही कोरडं असो, वाट बघायची नाही.

यात दोन ठिकाणी फसगत होते. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी हृदयाचे ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असलेल्या माणसाची नाडी रक्त जाऊनही वाढत नाही, सत्तरवरच राहते. अशांच्या बाबतीत नाडीवर विसंबू नका, रक्तदाब आणि चेहरा बघा. दुसरी फसगत हिमोग्लोबिनची. रक्त नुकतंच गेलेलं असताना उरलेलं रक्त तेवढंच दाट असतं, त्यामुळे पहिला रिपोर्ट चांगला येऊ शकतो. काही तासांनी शरीरातलं पाणी रक्तवाहिन्यांत शिरलं की आकडा पडतो. म्हणून डॉक्टर सहा-आठ तासांनी तीच तपासणी पुन्हा सांगतात. 'सकाळीच तर केली होती' म्हणून ती टाळू नका.

आणि ज्यांची नळी निघते त्यातल्या अनेकांना बोलता येत नाही. पक्षाघाताने वाचा गेलेली असते, डोक्याला मार लागलेला असतो किंवा मूल सेरेब्रल पाल्सीचं असतं. 'मला गरगरतंय' हे ते सांगणार नाहीत. ते नुसते अस्वस्थ होतील, हात झटकतील, नाहीतर भलतेच शांत पडून राहतील. अशा रुग्णाजवळ पहिल्या रात्री त्याला ओळखणारं घरचं माणूस हवं. दर दोन-तीन तासांनी नाडी, रक्तदाब आणि डायपरचा रंग बघायचा आणि वेळ घालून लिहून ठेवायचा. मावशी ठेवल्या असतील तर त्यांनाही हे नीट समजावून सांगा. डायपर गुंडाळून टाकायच्या आधी दाखवायचा, एवढं सांगितलं तरी खूप झालं.

रुग्णालयात काय करतात

शिरेतून सलाइन, रक्तगट आणि क्रॉसमॅच (चढवायचं रक्त जुळतं का ही तपासणी), प्लेटलेट्स, आयएनआर आणि आम्ल कमी करणारं पँटोप्राझोलसारखं इंजेक्शन इथून सुरुवात होते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं, किंवा हृदयाचा आजार असताना ८ च्या खाली, तर साधारणपणे रक्त चढवतात. वॉरफरिनचा परिणाम उतरवायला व्हिटॅमिन के देतात, पण त्यालाही काही तास लागतात. घाईची वेळ असेल तर रक्त गोठवणारे घटक थेट शिरेतून देतात.

रक्त मार्गातूनच येत असेल तर डॉक्टर पुष्कळदा त्याच भोकातून फुग्याची नळी पुन्हा आत घालतात, फुगा फुगवतात आणि जरा ताणून धरतात. फुगा आतून आणि बाहेरची चकती बाहेरून दाबते, त्यामुळे फुटलेली रक्तवाहिनी मध्ये चेपली जाते. हे पाहून घरच्यांना धक्का बसतो. "एवढं करून काढलेली नळी परत घातली!" ती खायला घालण्यासाठी घातलेली नाही, रक्त थांबवण्यासाठी घातलेली आहे, आणि काम झालं की बहुधा निघते. कधी कातडीला एखादा टाकाही पुरतो.

आतला रक्तस्राव असेल तर रुग्णाला स्थिर करून चोवीस तासांच्या आत दुर्बिणीने तपासतात. रक्त येणाऱ्या जागी बारीक क्लिप लावतात, अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन देतात किंवा उष्णतेने ती जागा बंद करतात. त्यानेही थांबलं नाही तर मांडीतून किंवा मनगटातून तार घालून ती रक्तवाहिनीच बुजवतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते.

'रक्त थांबायचं इंजेक्शन द्या ना' अशी विनंती हमखास होते. ते असतं ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड. पोटातल्या रक्तस्रावाच्या सुमारे १२,००० रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे औषध शिरेतून दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं आणि फिट (आकडी) येण्याचं प्रमाण थोडं वाढलं. म्हणून आतल्या रक्तस्रावासाठी डॉक्टर ते सरसकट देत नसतील तर तो निष्काळजीपणा नव्हे.

पुण्यात राहणाऱ्यांनी दिवस ठरवताना थोडा विचार करावा. नळी शक्यतो सकाळी आणि आठवड्याच्या सुरुवातीला काढून घ्या, म्हणजे पहिले काही तास डॉक्टर हाताशी असतात. ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग रात्रभर चालू असतो, पण कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये रात्री दुर्बिणीची सोय असेलच असं नाही. ते आधी विचारून ठेवा. पेठांमध्ये राहत असाल तर गणपतीचे दिवस टाळा. विसर्जनाला लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्ते मिरवणुकीने भरलेले असतात आणि रुग्णवाहिका दारापर्यंत यायला वेळ लागतो. पालख्या मुक्कामी असतात ते दिवसही तसेच. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत वर राहत असाल, तर रात्री खुर्ची धरून खाली आणायला कोण येईल ते शेजाऱ्यांशी बोलून ठेवा.

नाकातली नळी, म्हणजे राईल्स ट्यूब, काढल्यावर येणारं रक्त बहुतेक वेळा साधं असतं, घोळणा फुटल्यासारखं. रुग्णाला बसवा, मान किंचित पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरून ठेवा. डोकं मागे टाकायचं नाही, कारण रक्त घशात उतरतं, आणि गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाच्या ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कांदा हुंगवणं आणि टाळूवर पाणी मारणं यात वेळ घालवू नका. रक्त सारखं घशात उतरत राहिलं तर रुग्णालयात न्या.

उशिरा येणाऱ्या रक्ताकडेही लक्ष असू द्या. महिना उलटला तरी भोक मिटलं नाही आणि द्रव झिरपत राहिलं, तर कातडी आम्लाने भाजून तिथून रक्त येतं. त्यावर गोळ्या, क्लिप किंवा छोटी शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. लाल मांस वाढलं असेल तर डॉक्टर त्याला सिल्व्हर नायट्रेटची काडी लावतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरच्या रुग्णाला मात्र नळीच्या जुन्या जागी काही महिन्यांनी कडक गाठ आली किंवा तिथून पुन्हा रक्त यायला लागलं, तर नुसतं मलम लावून थांबू नका. फार क्वचित, पण मूळ आजाराच्या पेशी नळी बसवताना त्या जागी जाऊन रुजल्याचं आढळलेलं आहे. ती जागा कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून तुकडा तपासून घ्यायला हवा.